पाच माणसं, दोन गाड्या, ४१० किलोमीटर वाळवंट: आपत्कालीन सामानाचा हिशेब

प्रकरण असं आहे. फोर-व्हील-ड्राइव्हच्या दोन डिझेल गाड्या, पाच प्रौढ माणसं, तीन दिवस, दोन रात्री. शेवटच्या पंपापासून पुढच्या पंपापर्यंत ४१० किलोमीटर. त्यातले २४० खडीचे आणि पक्क्या मातीचे, १७० मऊ वाळूचे. वाटेत गाव नाही, विहीर नाही, मोबाइलला रेंज नाही. दुपारी ४० ते ४२ अंश, पहाटे २० च्या खाली. पहिल्या गाडीत तिघं, दुसरीत दोघं. गाड्या आणि आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. हिशेबाची रीत मात्र कुठल्याही वाळवंटाला लागू पडते.

सामानाची यादी कुठेही मिळते आणि बहुतेक याद्या चांगल्याही असतात. त्यांच्यात एक प्रश्न नसतो: गाडी बंद पडली तर दुसरा माणूस आपल्यापर्यंत किती तासांत पोचेल? हे उत्तर हातात आल्याशिवाय किती लिटर, किती पाकिटं, किती कॅन यांतलं काहीच ठरत नाही.

तास मोजणं

या प्रवासात घरी राहिलेल्या एका जबाबदार माणसाला उपग्रह संदेशयंत्रावरून रोज दोन संदेश जाणार, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. लागोपाठ दोन संदेश चुकले की त्याने शोध सुरू करायचा. एकाच चुकलेल्या संदेशावर धावपळ नको, कारण खोल घळीत किंवा बॅटरी उतरल्यामुळे एखादा संदेश सहज राहतो.

आता सगळ्यात वाईट वेळ धरू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ चा संदेश गेला आणि सव्वासातला सगळं बिघडलं, संदेश पाठवायचं यंत्रसुद्धा. तिसऱ्या दिवसाचे दोन्ही संदेश चुकणार. शोध निघणार चौथ्या दिवशी उजाडताना. सापडायला चौथ्याची संध्याकाळ, नाहीतर पाचव्याची सकाळ. म्हणजे प्रवास तीन दिवसांचा असला तरी सामान पाच दिवसांचं हवं. नुसतं ‘थोडं जास्त घेऊ’ म्हणून हा आकडा येत नाही. संदेशांची वेळ बदलली की तो बदलतो. दिवसातून एकदाच संदेश ठेवला तर आणखी एक दिवस वाढतो आणि एक दिवस म्हणजे पाच माणसांचं ३५ लिटर पाणी.

पाणी, पहिला हिशेब

या तापमानात सावलीत बसून राहिलेल्या माणसालाही दिवसाला पाच-सहा लिटर लागतं. वाळू उपसताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून पिण्यासाठी माणशी रोज ७ लिटर धरले. पाच माणसं, पाच दिवस: १७५ लिटर. स्वयंपाक आणि हात धुणं माणशी २ लिटर, पण फक्त नेमलेल्या तीन दिवसांसाठी: ३० लिटर. रेडिएटरसाठी वेगळे १० लिटर. एकूण २१५, म्हणजे २० लिटरचे ११ कॅन.

पाणी पुरवून पुरवून प्यायची सवय इथे महागात पडते. कॅनमध्ये शिल्लक राहिलेलं पाणी शरीराला काही देत नाही. वाचवायचा तो घाम: दुपारी ११ ते ४ काम नाही, अंगावर पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, बसायला सावली. खाणंही त्याच नजरेने निवडायचं. शिजवायला, भिजवायला पाणी लागणार नाही असं न्यायचं आणि पाणी कमी पडू लागलं तर आधी खाणं कमी करायचं, कारण पचनालाही पाणी लागतं.

नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात आणि सोबतचे त्याला अजून पाणी पाजतात. यावर उपाय ओआरएसचा: माणशी रोज एक लिटर. पाकिटं १ लिटरचीही मिळतात आणि २०० मिलीचीही. कुठलं घेतलं ते पाहूनच पाण्याचं माप ठरवावं. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ढवळलं तर फायद्याऐवजी त्रास होतो. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

डिझेलने पाण्याचा हिशेब मोडला

खडीवर लिटरला ९ किलोमीटर, वाळूत ६. २४० भागिले ९ आणि १७० भागिले ६ मिळून गाडीमागे ५५ लिटर. त्यावर तीस टक्के राखीव ठेवले की ७२. टाकी ७५ लिटरची. वाटतं, जमलं की!

जमलेलं नाही. ४१० किलोमीटर सरळ पार करणं ही सगळ्यात वाईट शक्यता नव्हेच. ती आहे ३०० किलोमीटरवर वाट बंद असणं: वाऱ्याने सरकलेली टेकडी किंवा वरून कोरडी पापडी आणि खाली चिखल असलेलं मिठागर. तिथून आल्या वाटेने परतायचं तर एकूण ६०० किलोमीटर. सरासरी साडेसात धरली तर ८० लिटर, वर पंधरा टक्के चुकामुकीचे, म्हणजे ९२-९३. टाकीच्या तळाचं डिझेल पंप ओढत नाही, म्हणून तिचे ७० च धरायचे. अधिक एक कॅन म्हणजे ९०; तरीही तोकडं. म्हणून प्रत्येक गाडीत दोन कॅन.

कॅनमधलं डिझेल शेवटपर्यंत राखून ठेवू नये. टाकीत वीस लिटरची जागा झाली की पहिला कॅन ओतावा. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा असेल तर ते परत फिरता येण्याजोग्या अंतरावरच कळतं. पेट्रोलच्या गाड्या असत्या तर आणखी एक पथ्य: कॅन गळ्यापर्यंत भरू नये. ३० अंशांनी तापलेलं २० लिटर पेट्रोल अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं, शिवाय वाफेचा दाब वेगळा. झाकण सावकाश उघडायचं, इंजिन बंद, आसपास स्टोव्ह नाही.

मुद्दा असा की ३०० किलोमीटरवरून परतायला डिझेल आहे, पण परतायला दोन दिवसही लागतात. ते दिवस येणार कुठून? पाण्याच्या राखीव साठ्यातून. म्हणजे परतीच्या वाटेवर गाडी बंद पडली तर हातात काहीच नाही. राखीव पाणी मदतीची वाट पाहण्यासाठी असतं, रस्ता चुकल्याची भरपाई करायला नव्हे. म्हणून पाण्याचा हिशेब पुन्हा मांडला: सात दिवस, पाच माणसं, रोज ७ लिटर म्हणजे २४५; अधिक ३० आणि १०; एकूण २८५. अकराचे पंधरा कॅन झाले. ओआरएसची लिटरची ३५ पाकिटं लागतील, ४० घेतली.

वजन

कंपनीने दिलेली भारक्षमता ६५० किलो. पुढचा लोखंडी बंपर आणि टपावरचं कॅरिअर यांचे ५० त्यातूनच वजा होतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उरले ६००. पहिल्या गाडीत तीन माणसं २२५ किलो, पाण्याचे आठ कॅन १७०, डिझेलचे दोन कॅन ४२, वाळूतून काढायचं सामान ३५, हत्यारं आणि सुटे भाग ४०, दुसरी स्टेपनी ३५, तंबू-खाणं-कपडे ६०. बेरीज ६०७.

सात किलो जास्त, आणि ते कमी करायला पाण्याला हात लावायचा नाही. दोन्ही गाड्यांचं चाक एकाच मापाचं आणि नटांची आखणीही एक असेल तर दोघींत मिळून एकच जादा स्टेपनी पुरते. ती दुसऱ्या गाडीत. पहिली गाडी ५७२ वर आली, सात कॅनची दुसरी ५११ वर. गाड्या निवडतानाच चाकं जुळतात का ते पाहण्याचं कारण हेच.

टपावर फक्त हलकं: सँड ट्रॅकच्या, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या, ताडपत्री, रिकामे कॅन. पाणी आणि डिझेल टपावर चढलं की तिरक्या उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. टपाची मर्यादा पुस्तकात छापलेली असते आणि ती गुळगुळीत रस्त्याची असते.

कुठे ठेवायचं

बहुतेक सामान चुकतं ते इथे. वस्तू आहे, पण हाताला लागत नाही.

दहा सेकंदांत लागणाऱ्या वस्तू: सीटबेल्ट कापायची सुरी आणि अग्निशामक. सुरी बेल्ट लावलेल्या अवस्थेत हाताला लागली पाहिजे. डिकीतली सुरी शोभेची. काच फोडायचा हातोडा ठेवत असाल तर आपल्या दाराच्या काचा कुठल्या आहेत ते आधी पाहा, कारण लॅमिनेटेड काच त्याने फुटत नाही. अग्निशामक २ किलोचा, कोरड्या पावडरचा, एबीसी प्रकारचा, पुढच्या सीटजवळ पक्का पकडलेला. इंजिनाला आग लागली तर बॉनेट सताड उघडू नये, फटीतून फवारावं.

एका मिनिटात लागणारी वस्तू म्हणजे पळायची पिशवी, प्रत्येक गाडीत एक, दाराशी. गाडी जळू लागली तर एवढंच हातात घेऊन निघायचं. आत पाच लिटर पाणी, संकटसंकेत यंत्र, आरसा, शिट्टी, टॉर्च, चकचकीत ब्लँकेट, कागदी नकाशा आणि होकायंत्र, ओआरएस, ज्याचं त्याचं रोजचं औषध. पिशवी सामानाखाली गेली की ती पळायची पिशवी राहत नाही.

दहा मिनिटांत लागणारं म्हणजे फावडं, सँड ट्रॅक, हवेचा गेज, कॉम्प्रेसर, जॅक. हे सगळं डिकी रिकामी न करता निघालं पाहिजे. जॅक गाडीसोबत आलेला असतो म्हणून तो बहुतेकदा सगळ्याच्या तळाशी, मूळ कप्प्यात राहतो. गाडी मागच्या बाजूने रुतली की मागचं दारच उघडत नाही, तेव्हा फावडं आत आणि आपण बाहेर.

पंधरा कॅन दोन गाड्यांत आठ-सात वाटले. पाणी रोज दोन्हीतून सारखं काढायचं. एका गाडीचं संपवून दुसरीला हात लावायचा नाही. हिशेब करून पाहा: तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिण्याचे आणि धुण्याचे मिळून ११२ लिटर संपतात, रेडिएटरचे १० सोडून १७८ उरतात. सारखे वाटलेले असतील तर गाडीमागे ८९. त्यातली एक गाडी जळून गेली तरी पाच जणांचे अडीच दिवस निघतात. मूळच्या अकरा कॅनमध्ये हेच दीड दिवसाच्या आत आलं असतं.

कॅन घट्ट हवेत आणि खाली रबरी चटई हवी. लाटालाटांच्या खडीवर दिवसभर थरथरणारा कॅन एखाद्या बोल्टच्या डोक्यावर घासून भोक पाडून घेतो आणि ते संध्याकाळी ओल्या गालिच्यावरून कळतं. दुकानी पाण्याच्या पातळ बाटल्या तर एकमेकींवर घासूनच फुटतात. त्या खिशातल्या वापरापुरत्या. निघण्याआधी प्रत्येक भरलेला कॅन रात्रभर आडवा ठेवावा, झाकणाचं वॉशर गळतंय का ते कळतं. बांधायला रॅचेटचे पट्टे. लवचीक दोऱ्यांनी २० किलोचा कॅन थांबत नाही, झोका घेऊन डोक्यावर येतो.

परीक्षा: तिसरा दिवस, सकाळी साडेदहा, २९५ किलोमीटर

दुसरी गाडी टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, वाऱ्याआडच्या भुसभुशीत वाळूत उतरली. चालकाने रेस वाढवली, चाकं फिरत राहिली आणि गाडी पोटावर बसली. यात चूक रेस वाढवण्याची. चाक फिरतंय पण गाडी सरकत नाही हे कळल्यावर प्रत्येक सेकंदाला ती खोल जाते.

पहिलं काम हवा उतरवणं. खडीवर २६ पीएसआय होती, वाळूत शिरतानाच १६ ते १८ करायला हवी होती, आता १५. तेवढ्याने नाही निघाली तर १२. त्याखाली टायर रिमवरून निसटतो आणि वाळूत तो परत बसवणं म्हणजे अर्धा दिवस. मग फावडं: चाकांपुढची वाळू उतारासारखी कापायची आणि गाडीच्या पोटाखालची काढायची. पोट टेकलेलं असताना सँड ट्रॅक घातले तर फळ्यांच्या दातांवर चाक फिरतं, दात वितळतात, गाडी जागची हलत नाही. फळ्या चाकाच्या तोंडाशी घट्ट सारायच्या आणि आल्या खुणांवरूनच मागे घ्यायचं. तिथली वाळू आधीच दबलेली असते.

एवढं करून नाही निघाली तरच ताणाचा पट्टा, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढायचा, ताणला जाणारा पट्टा: ९ मीटर लांब, ताकद दोघींतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट. दोन्ही टोकं त्या त्या गाडीच्या चासीला पक्क्या केलेल्या हुकांनाच. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीही लावू नये. तो गोळा तुटून काचेतून आरपार गेल्याने माणसं मेली आहेत. पट्टा हुकाला जोडायची कडी म्हणजे शॅकल; लोखंडी शॅकलपेक्षा दोरीचा मऊ शॅकल बरा, तुटला तरी उडणारं वजन थोडं. पट्ट्याच्या मधोमध जाड ब्लँकेट. बाकीचे पट्ट्याच्या दीडपट अंतरावर आणि बाजूला, रेषेत कुणीही नाही.

गाडी निघाली. पण या खटपटीत काटा लाल पट्टीत गेला होता आणि रेडिएटरचा खालचा होस क्लिपजवळ फाटला. कूलंट वाळूत. इथे घाई करून झाकण उघडलं तर उकळता फवारा तोंडावर येतो. किमान पाऊण तास थांबायचं आणि मग जाड फडक्याने. फाटका भाग पुसून कोरडा करून सिलिकॉनची आपोआप चिकटणारी टेप दुप्पट-तिप्पट ताणून गुंडाळता येते, पण ती कामचलाऊ. सुट्या भागांत वरचा आणि खालचा असे दोन्ही होस, चार क्लिपा, फॅनबेल्ट, फ्यूज, डिझेल आणि हवेचा फिल्टर, ५ लिटर कूलंट, ३ लिटर इंजिन ऑइल असतील तर हे तासाभराचं काम. होस जुना असेल तर निघण्याआधी घरीच नवा बसवावा आणि जुना सुटा म्हणून घ्यावा. तो बसतो हे तरी नक्की माहीत असतं. रेडिएटरमधलं पाणी प्यायचं नाही, कितीही तहान लागली तरी. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं.

पाना-पक्कड करताना हवा भरायचं विसरतं. १२ व्होल्टचा मोठा कॉम्प्रेसर ३० ते ४० अँपिअर ओढतो. तो सिगारेट लायटरच्या भोकात खुपसला की फ्यूज उडतो. चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडावा, इंजिन चालू ठेवून. दोन टायरनंतर तो तापून आपोआप बंद पडला तर बिघडलेला नाही, गार होऊ द्या.

होस बदलूनही इंजिन गेलं तर

ऑइलच्या काठीवर दुधाळ साय, सायलेन्सरमधून थांबत नाही असा पांढरा धूर: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं. ही गाडी इथेच राहणार. पाच माणसं पहिल्या गाडीत बसवून ११५ किलोमीटर पुढे जायचं की थांबायचं?

पुढची वाट खुली असल्याचं आधीच कळलेलं असेल आणि पहिली गाडी ठणठणीत असेल तर जायचं, पण सगळ्यांनी मिळून. दोघं मागे, तिघं पुढे अशी फाटाफूट नाही. वजन पुन्हा मांडलं: माणसं ३७५, पाण्याचे पाच भरलेले कॅन १०५, एक डिझेल कॅन २१, पट्टा-फावडं-फळ्या ३५, निवडक हत्यारं २०, पिशव्या ३०. एकूण ५८६; सहाशेच्या आत. तंबू, कपडे, जादा स्टेपनी मागे. मागे राहिलेल्या गाडीच्या काचेआड कागद: किती जण, कधी निघालो, कुठल्या दिशेने, किती पाणी. शोधणाऱ्याला आधी गाडी दिसते, माणूस नंतर. वाट खुली असल्याची खात्री नसेल तर थांबायचं आणि गाडी सोडून पायी कुणीच जायचं नाही.

संदेश लिहिताना घात होतो तो अक्षांश-रेखांशांत. यंत्र २४.३० अंश दाखवतं आणि कुणी ते २४ अंश ३० मिनिटं असं सांगतं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, २४.५०. फरक ०.२० अंश, जमिनीवर सुमारे २२ किलोमीटर. मदत येते, पण टेकड्यांच्या भलत्याच रांगेत. कुठली पद्धत वापरणार हे घरच्या माणसाशी निघण्याआधीच ठरवून कागदावर लिहावं.

यंत्रं दोन, वेगवेगळ्या जातीची. एक दोन्ही बाजूंनी बोलणारं उपग्रह संदेशयंत्र. रोजच्या संदेशांसाठी तेच, ‘माणसं ठीक, एक गाडी बंद’ एवढं कळवता आलं तरी येणारे दोरखंड आणायचे की डॉक्टर हे ठरवू शकतात. दुसरं ४०६ मेगाहर्ट्झचं वैयक्तिक संकटसंकेत यंत्र, आपल्या नावावर नोंदवलेलं, कोस्पास-सार्सॅट या उपग्रहांवरून संकटसंकेत टिपणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेत थेट जाणारं. त्याला वर्गणी नाही, बॅटरी किमान २४ तास चालते, आणि ते जिवावर बेतल्यावरच दाबायचं. जुनं, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचं यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. उपग्रहांनी ती लहर ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे. काही देशांत उपग्रह यंत्राला परवाना लागतो आणि तो नसेल तर सीमेवरच जप्त होतं.

थांबायचं ठरलं तर

३ बाय ४ मीटरची ताडपत्री गाडीच्या सावलीच्या बाजूला बांधायची, शक्यतो दोन थर आणि मध्ये हातभर हवेची जागा. एका थराखाली ताडपत्रीच तापून भट्टी होते. बसायचं जमिनीवर नाही, फळी किंवा सीटची गादी टाकून थोडं उंच, कारण उन्हातली वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. रात्रीसाठी माणशी एक झोपायची पिशवी लागतेच; भाजणाऱ्या दुपारीच ती निरुपयोगी वाटून घरी राहते.

कुणी बरळू लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं तर तो उष्माघात. पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं आणि वारा घालत राहायचं. इथे पाण्याची काटकसर नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. संकटसंकेत यंत्र दाबायची वेळ ती हीच.

विमानासाठी जमिनीवरची खूण: मदत हवी असेल तर इंग्रजी व्ही, डॉक्टर हवा असेल तर एक्स. अक्षर किमान अडीच मीटरचं, फावड्याने चर खणून, बाजूला वाळूची वरंबी करून म्हणजे सावली पडते आणि उठून दिसतं. वर सीटची कव्हरं किंवा गडद कापड. आरशाची तिरीप स्वच्छ हवेत कित्येक किलोमीटरवर दिसते. तो आवाज ऐकू येण्याआधीपासून क्षितिजावर फिरवत राहावा. रात्री टॉर्चच्या तीन तीन उघडझापा.

मदत पोचली की दोन कामं राहतात आणि ती बहुधा राहूनच जातात: संकटसंकेत यंत्र बंद करून तसं कळवणं, आणि वाळूतलं अक्षर पायाने मोडून टाकणं. नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथून जाणारा वैमानिक रिकाम्या जागेवर घिरट्या घालत बसतो.